एका स्क्रीनभोवती बसून शिकलेलं एआय: द्राक्षाच्या एका हंगामाचा अनुभव

ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास आमच्या सांगलीतल्या कॉलेजात शनिवारी दुपारी एआयचा गट बसायला लागला. आता बागा उतरायला लागल्यात, शेडवर बेदाणा पडतोय. एवढा काळ वापर झाल्यावर लिहितेय. गटात बॉटनीची मुलं, कॉम्प्युटर सायन्सची मुलं आणि मराठी विभागातले दोघं-तिघं. निम्म्यांची घरं तासगाव, पलूस, मिरजेच्या पूर्व भागातली, म्हणजे घरी द्राक्षबाग. त्यामुळे विषय शोधावा लागला नाही: पानाच्या फोटोवरून डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग ओळखता येतात का?

सुरुवात गूगलच्या टीचेबल मशीनने केली, म्हणजे कॉम्प्युटरला फोटो ओळखायला शिकवायच्या साधनाने. हे 2017 पासून फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि कोड लिहावा लागत नाही. ‘निरोगी’, ‘डाऊनी’, ‘भुरी’ असे वर्ग करायचे, प्रत्येकात फोटो टाकायचे आणि ट्रेनचं बटण दाबायचं. आत मोबाइलनेट नावाचं आधीच शिकलेलं मॉडेल असतं, आपल्या फोटोंवर फक्त शेवटचा भाग शिकतो. म्हणून लॅबमधल्या जुन्या मशीनवरही काम होतं. शिकण्याची प्रक्रिया आपल्याच ब्राउझरमध्ये होते, स्वतःहून सेव्ह केल्याशिवाय फोटो बाहेर जात नाहीत, हेही मला आवडलं. एक गोष्ट मात्र आधी माहीत असावी. फोटो 224 बाय 224 पिक्सेलचा होतो. अख्ख्या वेलीचा फोटो टाकला तर डाऊनीचे सुरुवातीचे तेलकट पिवळे डाग त्यात दिसेनासे होतात. पान जवळून घ्या.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटली ती तासगावच्या आमच्या मैत्रिणीची शंका. मॉडेलच्या अचूकतेचे आकडे फार छान येत होते. ती म्हणाली, “डाऊनीचे सगळे फोटो लॅबच्या कडप्प्यावर ठेवून काढलेत आणि निरोगी पानांचे बागेत. हे पान बघतंय की कडप्पा?” तिने एक स्वच्छ, हिरवंगार पान कडप्प्यावर ठेवून कॅमेऱ्यासमोर धरलं. स्क्रीनवर डाऊनीची शक्यता दाखवणारी पट्टी जवळजवळ टोकापर्यंत भरली. कोणी काही बोलेना. मग तेच पान तिने खिडकीत धरलं, तर लगेच ‘निरोगी’.

आकडे इतके छान का आले, तेही त्यातून समजलं. टीचेबल मशीन आपण दिलेल्या फोटोंपैकीच 15 टक्के चाचणीसाठी बाजूला ठेवतं. चाचणीच्या डाऊनीच्या फोटोतही तोच कडप्पा असेल तर ही गफलत आकड्यात दिसणारच कशी? त्यानंतर प्रत्येक वर्गाचे फोटो दोन्ही ठिकाणी काढले आणि चाचणीसाठी वेगळ्याच बागेतली पानं आणली. बॉटनीच्या मॅडमनी आणखी एक गोष्ट लावून धरली: “पान उलटं करा.” डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला येते, वरून फक्त पिवळा डाग दिसतो. भुरीची राखाडी-पांढरी भुकटी वरच्या बाजूलाही दिसते. हे कॉम्प्युटरवाल्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. एकट्याने घरी बसून शिकलो असतो तर त्या आकड्यांवर खूश होऊन पुढे गेलो असतो, असं मला मनापासून वाटतं.

चॅटबॉटचा अनुभव संमिश्र आहे. मराठीत विचारलं तर बरीचशी उत्तरं नीट येतात. एका चॅटबॉटला बोर्डो मिश्रणाबद्दल, म्हणजे बुरशीवर फवारायच्या औषधाबद्दल विचारलं. एक टक्क्यासाठी 100 लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे प्रमाण त्याने बरोबर सांगितलं. पण गटातल्या एकाने ते उत्तर घरी आजोबांना वाचून दाखवलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, “आणि खिळा कोण बुडवणार?” मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघतात. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा, नाहीतर फवारणीने पानं करपतात. उत्तरात हे कुठेच नव्हतं. तेव्हापासून औषधाबद्दलचं कुठलंही उत्तर लेबल आणि जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय आम्ही वहीत उतरवत नाही.

चॅटबॉटशी मराठीत बोललं की फुकट वापराची मर्यादा लवकर का संपते, हा प्रश्न मराठी विभागातल्या मुलाने काढला आणि ती दुपार त्यातच गेली. कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायच्या यूटीएफ-8 या युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेतं. ‘सांगली’ला 18 बाइट लागतात, तेच रोमन लिपीत 6. चॅटबॉटमागचं मॉडेल मजकूर तुकड्यांत (टोकनमध्ये) मोडून वाचतं आणि जुनी मॉडेल मराठीचे फार बारीक तुकडे करायची, म्हणून तेवढ्याच मजकुराला जास्त तुकडे लागायचे. मे 2024 मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीचं जीपीटी-4ओ मॉडेल आलं तेव्हा तिने दाखवलेल्या नमुन्यात मराठी मजकुराचे तुकडे 96 वरून 33 वर आले होते. म्हणजे सुधारणा होतेय. पुण्याच्या एल3क्यूब या संशोधन गटाचं महाबर्ट हे खास मराठीसाठीचं मॉडेल पुढच्या सत्रात बघायचं ठरलंय.

कोलॅबही वापरलं, म्हणजे ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायचं गूगलचं साधन. फुकट आहे, पण जीपीयू (मॉडेल वेगाने शिकवणारी चिप) दर वेळी मिळेलच असं नाही. कोड लिहिणारे दोघं-तिघं सोडले तर बाकीच्यांचा त्यात जीव रमला नाही.

गटाची अडचण म्हणजे ज्याला येतं तोच कीबोर्ड धरून बसतो आणि बाकीचे फोन काढतात. आम्ही नियम केला: कोडिंग येणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, फक्त सांगायचं. कामाचा वेग निम्म्यावर आला, पण प्रश्न विचारणारे वाढले. दुसरा नियम, घरचा सातबारा, आधार किंवा कुणाचा चेहरा कुठल्याही चॅटबॉटला द्यायचा नाही. परीक्षेच्या काळात गट ओस पडतो, त्याला उपाय सापडलेला नाही.

कॉलेजात असं काही सुरू करणार असाल तर महागडी मशीन मागत बसू नका. एक मोठा स्क्रीन, बरं इंटरनेट आणि ज्यांच्या घरी तो प्रश्न खरोखर आहे अशी मुलं, एवढ्यावर सुरू होतं. जूनमध्ये हळदीची लागवड झाली की आम्ही तिच्या पानावरचा करपा रोग घेणार आहोत. या वेळी पहिल्या फोटोपासून पानाच्या दोन्ही बाजू घ्यायच्या आणि कुठल्याच वर्गाचे सगळे फोटो एकाच जागी काढायचे नाहीत, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.