एक राउटर, दादाचे लग्नाचे व्हिडिओ आणि पुतण्याचा पिंग: आठ महिन्यांचा अनुभव

राउटर घेतला गेल्या जुलैत. पहिल्या आठवड्यात कुठलाही राउटर चांगलाच वाटतो, म्हणून तेव्हा मुद्दाम काही लिहिलं नाही. आता मार्च आहे. मधे पावसाळा गेला, गणपती गेले, उत्तरायण गेलं. आता बोलायला हरकत नाही.

आधी घर सांगतो, कारण राउटर घरावर ठरतो. बडोद्यात दांडिया बाजारात आमचं पणजोबांच्या वेळचं घर आहे. अरुंद, लांबट, तीन मजली, भिंती दीड-दीड फुटांच्या, विटा आणि चुन्याच्या. तळमजल्यावर दादाचं लग्नाच्या व्हिडिओंचं काम, मधे आम्ही, आणि वरच्या खोलीत पुतण्या. तो अकरावीत आहे, म्हणजे व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम खेळतो. लाइन 100 एमबीपीएसची (सेकंदाला 100 मेगाबिट), डाउनलोड-अपलोड सारखंच. सेवा देणाऱ्या कंपनीने फुकट दिलेला राउटरचा डबा जिन्याखाली टांगलेला.

भांडणाची वेळ ठरलेली, रात्री नऊ. दादा दिवसभराचं एडिटिंग आटपून गिऱ्हाइकासाठी 60 जीबीचं फोल्डर क्लाउडवर चढवायला लावून जेवायला बसायचा, आणि दुसऱ्या मिनिटाला वरून आरोळी, ‘‘काका, पिंग बघा!’’ पिंग, म्हणजे गेमचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, 22 वरून 240 वर. 60 जीबीला पूर्ण वेगाने गेलं तरी 80 मिनिटं लागतात, तेवढा वेळ गेम बंद. मी स्पीड टेस्ट करायचो ती अपलोड संपल्यावर, आणि ती 95 दाखवायची. मग मी दोघांनाही सांगायचो, लाइन उत्तम आहे. टेक्निशियन आला, त्याने डब्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, ‘‘साहेब, चार एन्टेनावाळुं लई लो ने.’’ म्हणजे चार एन्टेनांचा घेऊन टाका.

बाजारात एन्टेनांना तोटा नाही. एका दुकानात आठ शिंगांचा, लाल दिव्यांचा ‘गेमिंग’ राउटर 14,000 ला दाखवला. पुतण्याचे डोळे चमकले. मी घरी येऊन हिशेब मांडला. तो ज्या सर्व्हरवर खेळतो तो मुंबईत. बडोदा ते मुंबई रेल्वेने 392 किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंद. 22 मधले बाकीचे जातात कंपनीच्या यंत्रणेत आणि वाटेतल्या वळणांत. यात माझ्या जिन्याखालचा डबा काय कमी करणार? एखाददुसरा मिलिसेकंद. त्याच्या हातात एवढंच आहे की 22 चे 240 होऊ नयेत.

ते का होतात, हे बडोदेकराला एका वाक्यात कळेल: संध्याकाळी लहरीपुरा दरवाज्यात एकामागोमाग टेम्पो घुसले की मागचा स्कूटरवाला कितीही घाईत असला तरी उभाच. दादाची फाइल म्हणजे टेम्पो, गेमची पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, म्हणजे स्कूटर. डब्यात भलीमोठी साठवण असते, अपलोड ती काठोकाठ भरतं, आणि गेमचं इवलंसं पाकीट सगळ्यांच्या मागे. याला बफरब्लोट म्हणतात. इलाज म्हणजे दरवाज्यावर हवालदार, जो प्रत्येक रांगेतून आळीपाळीने सोडेल. राउटरमध्ये त्याला एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट) म्हणतात, आणि ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ ही त्या हवालदारांची नावं. बऱ्याच डब्यांवर ‘गेमिंग मोड’ लिहिलेलं असतं. त्यात बहुतेक वेळा एखाद्या उपकरणाला रांगेत पुढे घेण्याची सोय असते. ती वेगळी गोष्ट.

म्हणून मी शोधला तो ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर घालायची मोफत प्रणाली) चालणारा वाय-फाय 6 चा राउटर, केबल लावायचे सगळे पोर्ट गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचे, एक यूएसबी 3. साडेतीन हजारांच्या आतबाहेर मिळाला. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. एकाच नावाखाली व्ही 1, व्ही 2 करत आतली चिप बदललेली असते. माझं ऐकून दुसरीच चिप घ्याल आणि मला शिव्या द्याल. खोक्याच्या तळाशी आवृत्ती छापलेली असते, ती ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीशी जुळवा. आणि पोर्ट बघा. 1200 चा आकडा मिरवणाऱ्या स्वस्त डब्यांत कित्येकदा पोर्ट 100 चेच असतात. ते मोठे आकडे दोन्ही बँडची, म्हणजे वाय-फायच्या 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ या पट्ट्यांची, बेरीज असते. 3000 म्हणजे 574 आणि 2402, आणि ते एका फोनला सहसा एकत्र मिळत नाहीत.

कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घेतला, म्हणजे तो नुसती लाइन पुढे देतो आणि राउटरचं काम नवा करतो, तेही दोनदा फोन करून. एसक्यूएममध्ये दोन्ही बाजूंना 90 ची मर्यादा घातली. म्हणजे लाइनच्या दहा टक्क्यांवर पाणी सोडलं आणि दादाचं फोल्डर 80 ऐवजी 89 मिनिटांत जायला लागलं. त्या रात्री नऊला मी वर जाऊन उभा राहिलो. खाली अपलोड जोरात, स्क्रीनच्या कोपऱ्यात 24, 26, एकदा 31, परत 25. पुतण्याने मागे वळूनही पाहिलं नाही. आठ महिन्यांत ती आरोळी चार-पाच वेळाच आली, आणि त्यातल्या बहुतेक वेळा गडबड कंपनीच्या लाइनमध्येच होती.

घरातल्या घरात फाइली फिरवण्याने मात्र जास्त दमवलं. दादा जुनी लग्नं वरच्या पीसीवर साठवतो. वाय-फायवरून दीड फुटाच्या तीन भिंती ओलांडताना 5 गिगाहर्ट्‌झचा जीव जातो, म्हणून गच्चीतून नेटवर्कची केबल ओढून घेतली, कॅट 5ई जातीची. आणि वेग किती? सेकंदाला 11 एमबी (मेगाबाइट), म्हणजे 88 मेगाबिट. 60 जीबीला दीड तास. राउटर बदलायचा विचार करून झाला, दादाशी वाद घालून झाला. शेवटी राउटरचं जोडणीचं पान उघडलं तर तिथे 1000 ऐवजी 100 लिहिलेलं. वरचा प्लग काढून उजेडात धरला. पारदर्शक प्लास्टिकमध्ये चारच तारा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी. निळ्या आणि तपकिरी जोड्या त्या भल्या माणसाने मागे दुमडून चिकटपट्टी लावून ठेवल्या होत्या! 100 ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. प्लग दाबून बसवायचं क्रिम्पिंगचं हत्यार आणलं, तीन प्लग वाया घालवले, चौथा बसला. तेच फोल्डर नऊ मिनिटांत गेलं. राउटरला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात परत घेतल्या.

यूएसबीला हार्ड डिस्क लावून सगळ्यांसाठी शेअर केली. इथे अपेक्षा आवरा. माझ्याकडे सेकंदाला 50 एमबीच्या आसपास मिळतात, कारण राउटरचा प्रोसेसर शेवटी राउटरचाच. फोटो, सिनेमे, वहिनीच्या भजनी मंडळाची रेकॉर्डिंग्ज, याला ठीक, एडिटिंगला नाही. डिस्क लावल्याच्या दिवसापासून खालच्या खोलीतला जुना प्रिंटर वाय-फायवरून गायब व्हायला लागला. तो फक्त 2.4 वर चालतो, आणि यूएसबी 3 ची वायर नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट करते. डिस्क राउटरवरून उचलून अर्धा मीटर लांब, फळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली, प्रिंटर सापडला. जुन्या डब्यातलं शेअरिंग वापरत असाल तर आणखी एक: त्यात फक्त एसएमबी 1 ही फाइल शेअर करायची जुनी पद्धत असेल तर नवं विंडोज ते उघडत नाही. 2017 पासून मायक्रोसॉफ्ट ते मुळात बसवतच नाही, आणि त्या वर्षीचं वॉनाक्राय हे खंडणी मागणारं व्हायरस-प्रकरण आठवत असेल तर जबरदस्तीने चालूही करू नका.

पुतण्याला पुण्यातल्या मित्रांसाठी माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर चालवायचा होता. बाहेरच्यांना आत यायचा रस्ता (त्यालाही पोर्टच म्हणतात) राउटरमध्ये उघडून दिला, तरी बाहेरून कुणी येईना. राउटरला मिळालेला इंटरनेटचा (आयपी) पत्ता 100.72 ने सुरू होत होता. 100.64 ते 100.127 मधला पत्ता दिसला की समजावं, कंपनीने अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवली आहेत. तिथे कुठलाही राउटर काही करू शकत नाही. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याचे, पैसे वेगळे. आम्ही टेलस्केल या, लांबच्या कॉम्प्युटरांना खासगी जाळ्यात जोडणाऱ्या, सेवेवर भागवलं.

तक्रारी? आहेत. फर्मवेअर (राउटरची आतली प्रणाली) बदलल्यावर वॉरंटीची आशा सोडावी लागते. ॲप नाही, सगळं ब्राउझरमधून. दादा एकटा असताना काही अडलं तर मला ऑफिसातून फोनवर ‘डावीकडचं तिसरं बटण’ करत बसावं लागतं. एका अपडेटनंतर एसक्यूएमचं पॅकेजच गेलं होतं, ते मला नऊ वाजता वरून कळलं. आणि स्वयंपाकघरात अजूनही 5 गिगाहर्ट्‌झ पोचत नाही. तिथे केबल ओढायला आई परवानगी देत नाही.

वीज जाते म्हणून 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, राउटर आणि कंपनीचा डबा दोन्ही त्यावर. पण उत्तरायणाला यूपीएस काय करणार? 14 जानेवारीला दुपारी कुणाच्या तरी मांज्याने गल्लीवरून आलेली फायबरची वायर कापली. टेक्निशियन म्हणाला, अर्ध्या शहरात हेच चाललंय, परवा येतो. गच्चीवरून पतंग घेऊन चार चुलत-मावस भाऊ खाली आले, त्यांनी फोन तपासले आणि तोंडं पाडली. पुतण्याने माइनक्राफ्टचा सर्व्हर वरच्या पीसीवर चालू केला, दोघांना केबल दिली, दोघांना वाय-फाय. खाली दादा त्याच वेळी डिसेंबरची सगळी लग्नं वरच्या पीसीवर ढकलत होता. दोन दिवस घरात इंटरनेट नव्हतं. उंधियूचं ताट वर न्यायला गेलो तर चौघांपैकी एकानेही मान वर केली नाही.