तवसाळ–जयगड फेरीबोट: लेकरांसह कोकणात निघालेल्या मराठवाड्यातल्या कुटुंबासाठी

आधी निकाल सांगतो. शास्त्री नदीच्या खाडीवर गुहागरच्या बाजूचं तवसाळ आणि गणपतीपुळ्याच्या बाजूचं जयगड यांच्यामध्ये गाडीसकट पलीकडे नेणारी फेरीबोट चालते. तिला आम्ही पाचपैकी चार गुण देऊ. गुहागर आणि गणपतीपुळे असे दोनच मुक्काम ठरवावेत आणि मधल्या एका दिवशी ही बोट ठेवावी. मराठवाड्यातून लहान लेकरं घेऊन निघालेल्या घराला याहून निवांत आखणी सापडणं अवघड आहे. एक गुण कापला तो धक्क्यावरच्या सोयींसाठी. त्याचं पुढे येईलच.

ही बोट लागते कशाला, ते नकाशा पाहिला की कळतं. रत्नागिरी जिल्ह्याचा किनारा सलग नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या खाड्यांनी तो ठिकठिकाणी तोडलाय. दोन खाड्यांच्या मध्ये वर जांभ्या दगडाचा सडा म्हणजे उघडं पठार, खाली काळा कातळ आणि कातळांच्या कुशीत एखादी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, अशी सगळी रचना. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने जायचं तर आत वळसा घालावा लागतो. गुहागरहून गणपतीपुळ्याला चिपळूण–संगमेश्वरमार्गे गेलात तर दीडशे किलोमीटरच्या घरात रस्ता पडतो, आणि तो जवळपास सगळा वळणांचा. तवसाळवरून गेलात तर साठच्या आसपास. मागच्या सीटवर सहा वर्षांचं लेकरू असेल तर या फरकावरच तो दिवस चांगला जाईल की वाईट, हे ठरतं.

आपल्याकडून तिथवर पोचायचं कसं, हे बोटीइतकंच महत्त्वाचं. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकडच्यांनी पुणे–सातारा–कराडवरून पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावं. संभाजीनगर ते गुहागर सव्वापाचशे किलोमीटरच्या पुढे जातं. ते एका दिवसात उरकायचा हट्ट नको. कराडला रात्र काढा आणि घाट दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या डोक्याने उतरा. लातूर, नांदेड, धाराशिवकडच्यांचं काम सोपं आहे. रत्नागिरी–नागपूर महामार्ग नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर करत मिरज–कोल्हापूरवरून आंबा घाटाने थेट समुद्राकडे नेतो. त्यांनी आधी गणपतीपुळे करावं, बोटीने उलट्या बाजूने गुहागरला यावं आणि परत निघताना गुहागर–विजापूर महामार्ग धरावा. तो चिपळूण, कराड, विटा करत नागज फाट्याजवळ मिरज–सोलापूरच्या रस्त्याला भेटतो. गेलेल्या वाटेने परत यावं लागत नाही. लातूरकरांनीही वाटेत मिरजेला किंवा कोल्हापूरला मुक्काम करावा.

घाटात लेकरांना उलट्या होतात त्या बहुधा भरल्या पोटाने आणि मोबाइलमध्ये खुपसलेल्या डोळ्यांमुळे. घाटाच्या आधी दोन तास जड खाणं बंद ठेवा, काचा खाली घ्या, नजर पुढच्या रस्त्यावर असू द्या. आवळा कँडी चघळायला द्यावी. गोळी द्यायचीच असेल तर वजनाप्रमाणे किती, ते निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारून लिहून घ्या. वाटेत तेलकट वडापावापेक्षा घरच्या दशम्या आणि धपाटे बरे. पण समुद्राकडे उतरल्यावर ते दुसऱ्या दिवशीच संपवा. दमट हवेत त्यांना आपल्याकडच्यापेक्षा फार लवकर बुरशी धरते.

आता प्रत्यक्ष बोट. फेऱ्या सकाळपासून रात्रीपर्यंत असतात, साधारण पाऊण-एक तासाच्या अंतराने. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून जिथे मुक्काम असेल तिथल्या घरमालकाला आदल्या रात्री विचारा. शेवटच्या फेरीच्या भरवशावर दिवस आखू नये. वारा जोरात असला किंवा यंत्र बिघडलं तर फेरी रद्द होते आणि अंधारात लेकरांसह परत फिरावं लागतं. दुपारी दोन ते चारच्या मधली फेरी आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. चुकली तरी पुढची हाताशी असते. बोट बंदच असेल तर आबलोलीवरून राई–भातगाव पुलाने शास्त्री ओलांडता येते. अंतर वाढतं, पण चिपळूणचा वळसा वाचतो.

गाडीचं आणि माणसांचं तिकीट वेगळं. सुटे पैसे जवळ ठेवा, कारण खाडीकाठी मोबाइलची रेंज येते-जाते आणि फोनवरून पैसे भरणं ऐन वेळी अडतं. रांगेत गाडी लागली की सामान बांधून घ्या, पण लेकरांना गाडीतून उतरवायची घाई नको. गाडी चढवायच्या वेळी चालकाव्यतिरिक्त सगळ्यांनी उतरावं. एका मोठ्या माणसाने लेकरांचे हात धरून बाजूला उभं राहावं आणि गाड्या लागून झाल्या की मग पायी चढावं. उतारावर शेवाळ असतं आणि लोखंडी फळीवर पाणी. तिथे पळणारं लेकरू हमखास घसरतं. ओहोटीला बोट खाली बसते आणि उतार तीव्र होतो. लगेज भरून मागून दबलेली, कमी उंचीची गाडी पुढच्या किंवा मागच्या बंपरने घासते. तिरकी न घेता सरळ आणि पहिल्या गिअरमध्ये, न थांबता घ्यावी. कधी कधी मागे मागे चढवायला सांगतात. हात दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याकडे बघा, बाजूला उभ्या असलेल्या काकांच्या सूचनांकडे नको. जागेवर लागली की हँडब्रेक, गिअर, इंजिन बंद. गाडीत लेकरू बसवून काचा लावून वर जाऊ नये. बंद गाडी उन्हात काही मिनिटांत तापते.

खाडी ओलांडायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. लेकरांसाठी हा वेळ अगदी मापाचा आहे: कंटाळा यायच्या आत पलीकडचा धक्का येतो. जयगडच्या बंदरातली मोठी मालवाहू जहाजं, किल्ल्याचा तट, मासेमारीच्या होड्या, सगळं एका नजरेत दिसतं. पुढच्या साखळीपासून आणि कठड्याच्या फटींपासून लेकरं लांब ठेवा. लहान मापाची जीवरक्षक जाकिटं कुठे ठेवलीत, ते चढल्याबरोबर विचारा. डेकवर सावली नाही, म्हणून टोपी हवी.

गुण कापला तो यासाठी: धक्क्यावर सावलीची आणि स्वच्छ शौचालयाची सोय कुटुंबांना पुरेल अशी नाही. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा यांत गाड्यांची रांग लांबते. एक-दोन फेऱ्या सोडाव्या लागतात आणि तेवढा वेळ लेकरं उन्हात. धक्क्याकडे वळण्याआधी गुहागर–तवसाळ वाटेवरच्या हेदवी गावातच लघवी-पाणी उरकून घ्या. आठवड्यातला मधला दिवस पकडलात तर ही अडचण जवळपास उरत नाही.

दिवस कसा लावावा, हे तिथीवर सोडा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्हीकडे तीच वेळ थोड्याफार फरकाने. त्याच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सगळी सहल आखता येते, आणि मोठ्या लेकरांनाच हा हिशेब करायला लावला तर त्यांना सहलीत फार रस येतो.

यातून एक निवड करावी लागते. लेकरं सात-आठ वर्षांच्या आतली असतील तर अष्टमीच्या आसपास जा. त्या दिवसांत भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही कमी. दुपारी बाराला ओहोटी, सहाला भरती, म्हणजे तीन ते पाच पाणी चढत असतं. घोटा-गुडघाभर पाण्यात खेळायला हीच वेळ बरी. पाणी उतरत असताना लेकरांना आत नेऊ नये, कारण पायाखालची वाळू आणि माणूस दोन्ही आत ओढले जातात. लेकरं मोठी आणि चौकस असतील तर पौर्णिमा-अमावास्येचं उधाण, म्हणजे मोठी भरती, गाठा. सकाळी अकराच्या सुमाराला हेदवीची बामणघळ पाहा: कातळातल्या अरुंद चिरेत लाट शिरते आणि पाणी उसळून वर येतं. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या ओहोटीला कातळावरची डबकी उघडी पडतात. त्यांत शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं, बारके मासे. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरलीत, तोच हा दगड, हे आपल्या लेकरांना तिथे दाखवून सांगावं.

बामणघळीवर एक नियम कडक पाळा. जिथवर कातळ ओला दिसतो तिथवर लाट येते. कोरड्या दगडावर, तेही चार पावलं मागे उभं राहायचं. फोटोसाठी कुणाला पुढे पाठवायचं नाही. डबक्यांकडे जाताना साधी चप्पल चालत नाही. कातळाला चिकटलेली कालवं (एक प्रकारचे शिंपले) ब्लेडसारखी कापतात आणि शेवाळावर पाय सरकतो. मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची सँडल घ्या. पाणी परत चढू लागलं की लगेच किनाऱ्याकडे फिरा.

पोहण्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो छान, पण तो धोक्याचा आहे. तिथे माणसं बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्यात आणि सूचनांच्या पाट्या त्यासाठीच आहेत. गोदावरीत किंवा विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी तर जास्तच जपावं, कारण तिथे समुद्रासारखी लाटांची आणि भरती-ओहोटीची ओढ नसते. लेकरांना पाण्यात खेळवायचं तर वेळणेश्वरची अर्धचंद्राकृती पुळण तुलनेने सौम्य आहे. तिथेही गुडघ्याच्या वर नाही, आणि एका लेकरामागे एक मोठं माणूस.

मुक्काम असा विभागावा: गुहागर किंवा वेळणेश्वरला तीन रात्री, गणपतीपुळे किंवा शेजारच्या मालगुंडला दोन. वेळणेश्वर आणि गणपतीपुळे या दोन्ही ठिकाणी पर्यटन महामंडळाची निवासस्थानं आहेत. गुहागरात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय चांगली मिळते. खोली ठरवताना कूलर आहे का, हे विचारू नका. आपल्याकडचा कूलर कोरड्या हवेत पाणी उडवून गारवा देतो. कोकणात हवेतच ओल असल्यामुळे तो नुसता चिकचिक वाढवतो. चांगला पंखा आणि आरपार खिडक्या, नाहीतर एसी. आवारातल्या विहिरीला कठडा आणि जाळी आहे का, ते फोनवरच विचारा. गाडी आणि लेकरांचा झोपाळा नारळाखाली नको. सुती कपडे रात्रभरात वाळत नाहीत, म्हणून पाण्यात जायचे कपडे पातळ, लवकर वाळणारे, प्रत्येकी दोन जोड.

जेवणाचं फार काही अडत नाही. ज्वारीची भाकरी मिळणार नाही, तांदळाची मिळेल. तिखट कमी आणि खोबरं जास्त असतं. लहानांना मऊ भात, मेतकूट, तूप कुठेही सांगितलं तर मिळतं. मासे पहिल्यांदाच खाणाऱ्या लेकराला पापलेट किंवा सुरमईची तुकडी द्या. त्यांतला मोठा काटा सहज बाजूला होतो. बांगड्याला बारीक काटे जास्त. घाम कोरडा होत नाही आणि मीठ जातं, म्हणून दुपारी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

बोटीच्या दिवसाचं वेळापत्रक आमच्या मते असं: गुहागरहून नऊला निघा, वेळणेश्वर, मग हेदवीचं दशभुजा गणेशाचं देऊळ. भरती जुळत असेल तर बामणघळ. जेवण हेदवीत, त्यानंतर तवसाळ. पलीकडे उतरल्यावर जयगडचा किल्ला किंवा नांदिवड्याचं कऱ्हाटेश्वर, दोन्हींपैकी एकच. उजेडात गणपतीपुळ्याला पोचा. पेट्रोल आणि रोख रक्कम गुहागरलाच भरून घ्या. पुढे पंप आणि एटीएम विरळ आहेत.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि आंबा असतो हे खरं, पण दमट उकाडा लेकरांना झेपत नाही. मेच्या अखेरीपासून समुद्र खवळतो आणि जलक्रीडा ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी. दुखलं-खुपलं तर गुहागरला ग्रामीण रुग्णालय, चिपळूण तालुक्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालय आणि रत्नागिरीला जिल्हा रुग्णालय आहे. तिन्ही नावं चालकाच्या फोनमध्ये नकाशावर खूण करून, नेट नसताना उघडतील अशी साठवून ठेवा.