रेडिओ रहीमचा आवाज कुणाला खुपला: ‘डू द राइट थिंग’

सिनेमाच्या ध्वनीचं काम करते म्हणून असेल, पण ‘डू द राइट थिंग’चं नाव निघालं की मला आधी त्यातल्या रेडिओ रहीम या काळ्या तरुणाचा तो भलाथोरला बूमबॉक्स, म्हणजे हातात घेऊन फिरायचा कॅसेट-रेडिओ, ऐकू येतो. दोन तासांच्या सिनेमात त्यावर एकच गाणं वाजतं, पब्लिक एनिमी या रॅप गटाचं ‘फाइट द पॉवर’. दिग्दर्शक स्पाइक लीने ते याच सिनेमासाठी करून घेतलं होतं. गल्लीतला एक मित्र रहीमला विचारतो, दुसरं काही लावत नाहीस का? दुसरं काही आवडतच नाही, म्हणतो तो. विषय संपला. रहीम मुळात फार कमी बोलतो. त्याच्या वतीने बोलायचं काम बूमबॉक्स करतो, आणि बूमबॉक्स फुटल्यावर काही मिनिटांतच रहीमही जातो. सिनेमा १९८९चा आहे, त्यामुळे शेवट लपवून लिहिणार नाही. तो वगळला तर याच्याबद्दल बोलण्यासारखं अर्धंच उरतं.

गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीतल्या एका गल्लीतली, एका दिवसाची, आणि तोही वर्षातला सगळ्यात उकाड्याचा दिवस. वस्ती मुख्यतः काळ्या लोकांची, अधूनमधून पोर्तो रिकन कुटुंबं. कोपऱ्यावर सॅल या इटालियन-अमेरिकन माणसाचं पंचवीस वर्षं जुनं पिझ्झाचं दुकान, समोर एका कोरियन जोडप्याचं किराणा-भाजीचं दुकान. सॅलकडे पिझ्झा पोचवायचं काम मूकी करतो. ही भूमिका स्पाइक लीने स्वतः केली आहे. १९८८च्या उन्हाळ्यात स्टायव्हसंट ॲव्हेन्यूवर खऱ्याखुऱ्या वस्तीत चित्रीकरण झालं आणि पिझ्झाचं दुकान तिथल्याच मोकळ्या जागेवर उभं केलं गेलं. म्हणूनच दुकानाच्या काचेतून बाहेर पाहिलं की खरी गल्ली दिसते. स्टुडिओतल्या सेटवर हे साधलं नसतं.

कॅमेरामन अर्नेस्ट डिकरसनबद्दल बरंच लिहिलं गेलंय आणि ते रास्तच आहे. लालभडक रंगवलेली भिंत, तिच्यासमोर छत्रीखाली बसून दिवसभर गप्पा हाणणारे तिघं, तिरका धरलेला कॅमेरा, घामाने चकाकणारे चेहरे. उकाडा डोळ्यांनी दिसतो. पण मला या सिनेमाची खरी मांडणी आवाजात सापडते.

सकाळ होते ती लव्ह डॅडीच्या आवाजाने. गल्लीतल्या छोट्या रेडिओ स्टेशनचा हा निवेदक, सॅम्युएल एल. जॅक्सन, काचेमागे बसून सगळ्यांना उठवतो, तापमान सांगतो, गाणी लावतो. त्याचा आवाज सगळ्या घरांत जातो आणि कुणाच्याच आड येत नाही. रस्त्यावर मात्र प्रत्येक आवाजाला आपली जागा मिळवावी लागते. एका प्रसंगात पोर्तो रिकन पोरं पायऱ्यांवर बसून आपलं संगीत ऐकत असतात. रहीम येऊन समोर उभा राहतो. ते आवाज वाढवतात, हाही वाढवतो. असं चढत चढत शेवटी रहीमचा आवाज त्यांच्यावर जातो, ती पोरं हार मानतात, रहीम मूठ उंचावून पुढे निघतो. भांडण झालं, निकाल लागला, कुणाला ओरखडाही आला नाही. दोन्ही बाजूंकडे रेडिओच होता म्हणून हे असं मिटलं. सॅलच्या दुकानात तोच रहीम तोच बूमबॉक्स घेऊन शिरतो, तेव्हा समोरच्याकडे दुकान आहे, दुकानाचे नियम आहेत आणि गल्ल्याखाली बेसबॉलची बॅट आहे. पहिल्या वेळी सॅल ओरडतो, रहीम गाणं बंद करतो आणि पिझ्झा घेऊन जातो. ते ‘बंद कर’ दिवसभर त्याच्या मनात राहतं.

शिव्यांचा तो प्रसिद्ध प्रसंगही माझ्या दृष्टीने आवाजाचाच आहे. मूकी, सॅलचा मुलगा पीनो, एक पोर्तो रिकन तरुण, एक गोरा पोलीस आणि कोरियन दुकानदार एकेक करून कॅमेऱ्यात बघत दुसऱ्या एखाद्या समाजाला वाटेल ते बोलतात. प्रत्येक जण एकटाच उभा आहे. कुणी कुणाला उत्तर देत नाही, कारण ऐकणारा कुणी समोर नाहीच. शेवटी लव्ह डॅडीला मध्ये पडून सगळ्यांना थांबवावं लागतं.

बिल ली यांच्या पार्श्वसंगीताबद्दल मात्र माझी तक्रार आहे. स्पाइक लीचे हे वडील. संगीत सुंदर आहे, ब्रॅनफर्ड मार्सालिसचा सॅक्सोफोन तर फारच. पण सॅल आणि पीनो खिडकीशी बसून बोलतात तिथे, आणि इतरही काही शांत संवादांत, वाद्यवृंद इतका पुढे येतो की कान शब्दांवरून ढळतो. बोलणं दमदार आहे, त्याला असा आधार लागत नव्हता. दुसरी तक्रार बायकांबद्दल. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत रोझी पेरेझ जो नाच करते त्यात संतापाची सगळी ताकद आहे, पण पुढे तिच्या टीनाला, म्हणजे मूकीच्या मैत्रिणीला, घरात बसून मूकीवर खेकसण्यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही. बर्फाच्या तुकड्यांच्या प्रसंगात तर कॅमेरा तिच्या शरीराचे तुकडे करून दाखवतो. तो प्रसंग मला आजही नको वाटतो. खिडकीत बसणारी मदर सिस्टर आणि तिची मनधरणी करणारा दारुडा म्हातारा ‘द मेयर’ यांची जोडी मात्र जीव लावते. या भूमिका करणारे रूबी डी आणि ऑसी डेव्हिस खऱ्या आयुष्यात नवरा-बायको होते.

आता दुकानातल्या भिंतीबद्दल. सॅलच्या दुकानात फक्त इटालियन-अमेरिकन नामवंतांचे फोटो लावलेत. बगिन आउट नावाचा तरुण विचारतो, इथे एकही काळा माणूस का नाही? सॅल म्हणतो, दुकान माझं, तुझं काढ आणि हवे ते फोटो लाव. त्यावर बगिन आउटचं म्हणणं असं, की इथे खाणारे सगळे काळे, पैसे आमचे, मग भिंतीवर आम्ही का नको. दोघांचंही खरं आहे. डॅनी आयेलोने सॅलला इतकं माणूसपण दिलंय की त्याचा राग धरता येत नाही. ही पोरं माझ्या हातचं खाऊन वाढली, असं तो अभिमानाने सांगतो आणि ते मनापासून असतं. रात्री दुकान बंद करताना मूकीला म्हणतो, तुझ्यासाठी इथे कायम जागा आहे.

त्यानंतर लगेचच दार उघडतं. रहीमचा बूमबॉक्स पूर्ण आवाजात, बगिन आउट फोटोंसाठी ओरडतोय, सॅल त्याहून वर ओरडतोय. आवाजाचे इतके थर एकावर एक चढलेत आणि तरी प्रत्येक वाक्य कळतं. हे मिश्रण करणं किती कठीण असतं ते मी जाणते. सॅलच्या तोंडून काळ्या लोकांना हिणवणारा तो शब्द येतो, जो दिवसभर पीनोच्या तोंडी होता आणि ज्यावरून सॅल त्याला दटावत होता. मग बॅट उचलली जाते. बूमबॉक्सचा चक्काचूर होतो आणि गाणं तुटतं. त्या शांततेत रहीमची जी अवस्था होते, ती ज्याला दिसली नाही त्याला पुढचं काही कळणार नाही. मारामारी रस्त्यावर येते, पोलीस येतात, एक जण रहीमच्या गळ्यावर दंडुका आवळतो आणि तो मरेपर्यंत सोडत नाही. जमावातून मायकेल स्टुअर्टचं नाव येतं, १९८३ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या ताब्यात जीव गमावलेल्या तरुणाचं. एलिनॉर बम्पर्सचं येतं. १९८४ साली भाड्याच्या घरातून बाहेर काढायला आलेल्या पोलिसांनी तिला गोळ्या घातल्या होत्या. सॅलची बॅटही हवेतून आलेली नाही. १९८६ साली क्वीन्समधल्या हॉवर्ड बीच भागात गोऱ्या टोळक्याने बॅटी घेऊन पाठलाग केला, तेव्हा मायकेल ग्रिफिथ हा काळा तरुण जीव वाचवायला महामार्गावर धावला आणि गाडीखाली आला. पाठलागाआधी तो आणि त्याचे सोबती एका पिझ्झाच्या दुकानात गेले होते. सिनेमा अशाच सहा कुटुंबांना अर्पण केला आहे.

यानंतर मूकी कचऱ्याचा डबा उचलून दुकानाच्या काचेवर फेकतो आणि दुकान जळतं. सिनेमा आला तेव्हा न्यूयॉर्कमधल्या काही नामांकित समीक्षकांनी छापून टाकलं, की हा पाहून काळे प्रेक्षक दंगली करतील. कुठेही काही झालं नाही. त्या लेखांत दुकानाची आणि काचेची चिंता भरपूर होती, गळा आवळून मारलेल्या पोराची फार कमी. मूकीने बरोबर केलं का, हा प्रश्न मला कायम फक्त गोऱ्या लोकांनी विचारला, असं स्पाइक ली सांगत आला आहे. माझं मत विचाराल तर जमावाचा रोख सॅल आणि त्याच्या मुलांकडे होता, तो त्या डब्याने दुकानाकडे वळला. मूकीच्या मनात हेच होतं की नाही, याचा खुलासा सिनेमा करत नाही, आणि तो न केल्याबद्दल मला आदर वाटतो. २०१४ साली स्टेटन आयलंडवर पोलिसाने एरिक गार्नर या काळ्या माणसाचा गळा आवळला आणि तो मेला. त्यानंतर लीने गार्नरच्या मृत्यूचं खरं चित्रण आणि रहीमचा मृत्यू एकमेकांत गुंफून दाखवले. पंचवीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या त्या दोन दृश्यांत वेगळं काढण्यासारखं फारसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूकी जळक्या दुकानापाशी आठवड्याचा पगार मागायला येतो, अडीचशे डॉलर. सॅल रागाने शंभरच्या पाच नोटा त्याच्या अंगावर फेकतो. मूकी दोन परत करतो, म्हणजे पन्नास मी तुला देणं लागतो म्हणतो, आणि शेवटी सगळ्याच उचलतो. दोघंही खूप काही गमावून बसलेत, पण बोलणं होतं ते पगाराचं, विम्याचं आणि हवेचं. मला हा सिनेमातला सगळ्यात धाडसी प्रसंग वाटतो.

पाहायचा असेल तर क्रायटीरियन या सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या कंपनीने २०१९ साली काढलेली ४के (अतिस्पष्ट) पुनर्संस्कारित आवृत्ती मिळवा. लाल आणि पिवळे रंग त्यात जसे हवेत तसे आलेत. मोबाइलवर पाहू नका. बरे स्पीकर किंवा निदान हेडफोन हवेतच, नाहीतर गल्लीच्या टोकाकडून जवळ येणारा रहीम कळणार नाही. शिव्या भरपूर आहेत आणि तो एक नग्न प्रसंग आहे, त्यामुळे लहान मुलांबरोबर लावू नका. सोळा-सतराच्या पुढच्या मुलांना मात्र आवर्जून दाखवा.