इंजेऱ्याचे ताट: सिल्व्हर स्प्रिंगमधील एक इथिओपियन उपाहारगृह

वॉशिंग्टन शहराच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या सिल्व्हर स्प्रिंग या मेरिलँडमधील उपनगरात इथिओपियन उपाहारगृहांची इतकी दाटी आहे की, नवख्याला कोणत्या दारातून आत शिरावे हेच कळत नाही. १९७४ मध्ये इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी पदच्युत झाले आणि त्यानंतरच्या लष्करी राजवटीत देश सोडावा लागलेली अनेक कुटुंबे या परिसरात स्थिरावली; त्यांच्या पाठोपाठ टेफ या धान्याचे पीठ व मसाले विकणारी दुकाने आणि ही उपाहारगृहे आली. त्यांपैकी दहा-बारा टेबलांच्या एका ठिकाणी मी गेल्या वर्षभरात चार वेळा जेवलो. पुढे काही उणिवाही सांगायच्या असल्याने नाव देत नाही.

अशा उपाहारगृहाची परीक्षा रश्श्यांवरून करण्याआधी इंजेऱ्यावरून, म्हणजे रश्श्यांखाली अंथरल्या जाणाऱ्या आंबवलेल्या पोळीवरून, करावी, असे माझे मत झाले आहे. टेफ हे खसखशीसारखे बारीक धान्य. त्याचे पीठ आधीच्या आंबवणाचे पिवळसर पाणी घालून दोन-तीन दिवस आंबवतात, मग थोडे पीठ वेगळे शिजवून पुन्हा त्यात मिसळतात आणि ‘मिताद’ नावाच्या मोठ्या सपाट तव्यावर गोल गोल ओतून झाकण ठेवतात. इंजेरा उलटत नाहीत. त्यामुळे खालची बाजू गुळगुळीत राहते आणि वर जाळी पडते. या जाळीला तिकडे ‘डोळे’ म्हणतात, आणि डोळे दाट व सारखे असतील तर सुगरणीचा हात चांगला समजतात.

मराठी माणूस हे पाहताच आंबोळी म्हणतो. मीही म्हणालो आणि पहिल्या वेळी त्यामुळेच फसलो. आंबोळीचा आंबटपणा सौम्य असतो, म्हणून आपण तिच्याबरोबर चटणी किंवा उसळ सढळ हाताने घेतो. मी तसाच इंजेऱ्याचा इवलासा तुकडा तोडून त्यावर भरपूर रस्सा घेतला आणि सगळे जेवण जड व एकसुरी असल्याचा निकाल देऊन मोकळा झालो. इथल्या बहुतेक रश्श्यांत चिंच, कोकम किंवा लिंबू यांपैकी काहीही नसते, ताटातला आंबटपणा जवळजवळ सगळा इंजेऱ्याकडून येतो, हे दुसऱ्या खेपेला ध्यानात आले. तुकडा मोठा आणि रस्सा बेताचा घेतल्याबरोबर तेच पदार्थ निराळे लागले. या ठिकाणचा इंजेरा गडद तपकिरी, लवचीक आणि चांगला आंबलेला आहे. मात्र रविवारी रात्री गेलो तेव्हा तो फिकट आणि जवळजवळ गोडसर होता. टेफ महाग असल्याने त्यात गव्हाचे किंवा दुसरे पीठ मिसळण्याची पद्धत परदेशात सर्रास आहे आणि त्या दिवशी तसेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे. गहू वर्ज्य असलेल्यांनी तरी आधी विचारूनच मागवावे.

शाकाहारी मंडळींसाठी येथे ‘बेयाइनेतू’ हे मिश्र ताट मिळते: मसुराचे तिखट ‘मिसिर वॉट’, हळद घातलेली पिवळी डाळ, ‘गोमेन’ ही पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजराची भाजी. हे उपवासाचे ताट आहे. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे अनुयायी बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वी ५५ दिवस मांस, अंडी, दूध व तूप सोडतात. आपल्या एकादशीला डाळी आणि धान्ये जातात, दूधतूप राहते. त्यांच्याकडे नेमके उलट. साबुदाण्याची खिचडी आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ यांच्या छायेत वाढलेल्या मला उपवासाच्या दिवशी पोटभर डाळ खाताना गंमत वाटली, हे कबूल करतो.

पण माझी खरी शिफारस ‘शिरो’ची. नावावरून शिऱ्याची आठवण होत असली तरी हे थेट पिठलेच आहे: हरभऱ्याचे मसालेदार पीठ, कांदा, लसूण आणि मिरचीचा ‘बेर्बेरे’ मसाला, मातीच्या लहान भांड्यात खदखदत आणलेले. मोहरी-हिंगाच्या फोडणीची सवय असलेल्या जिभेला सुरुवातीला काहीतरी राहिल्यासारखे वाटते, आणि तिसऱ्या घासाला ते विसरायला होते. ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे अॅबिसिनियाच्या, म्हणजे जुन्या इथिओपियाच्या, ‘हबश’ या अरबी नावावरूनच आला आणि खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबर त्याच भूमीतला. म्हणून पिठल्याचा प्रवास कोणत्या दिशेने झाला असेल, असा विचार मनात येऊन गेला. पुरावा काही नाही, आणि पीठ पाण्यात शिजवण्याची कल्पना कोणालाही सुचू शकते.

मांसाहाऱ्यांसाठी ‘डोरो वॉट’ हा कोंबडीचा रस्सा आहे. त्यातला भरपूर कांदा आधी तेलातुपाशिवाय मंद आचेवर परततात, मग मसाल्याचे तूप, बेर्बेरे, कोंबडी आणि उकडलेले अंडे घालतात. रस्सा काळसर आणि उत्तम होता, कोंबडी मात्र मागवली त्या दोन्ही वेळा कोरडी निघाली.

सेवा संथ आहे आणि पाणी दोनदा मागावे लागते. कॉफीच्या विधीला संथपणा शोभतो: हिरव्या बिया समोर भाजतात, धूप जाळतात, ‘जेबेना’ या मातीच्या सुरईत कॉफी उकळतात आणि सोबत मक्याच्या लाह्या देतात. ‘अबोल’, ‘तोना’ आणि ‘बराका’ अशा तीन फेऱ्या होतात, दर फेरीला कॉफी पातळ होत जाते. हा विधी येथे फक्त शनिवार-रविवारी दुपारी होतो आणि त्यासाठी तासभर हाताशी हवा.

दोघांना एक ताट पुरते. रश्श्यांखाली अंथरलेला इंजेरा शेवटपर्यंत सगळे रस पीत असतो, आणि वाढपी रिकामे समजून ताट उचलू लागतो तेव्हा त्याला थांबवावे. मी पहिल्या दिवशी थांबवले नव्हते.