पिकअपवाल्यांनो, जॉबकार्डचा ओटीपी देण्याआधी हे वाचा

बँकेच्या नावाने फोन आला तर मी ओटीपी देत नाही. आईला, बायकोला, शेजारच्या आण्णांना मीच शिकवलंय. आणि तोच मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपुढे उभा राहून जॉबकार्डसाठी, म्हणजे गाडीची तक्रार आणि काम लिहितात त्या कागदासाठी, घडाघडा सहा आकडे सांगून मोकळा झालो. ते सहा आकडे मला 33,690 रुपयांना पडले.

गाडी घेतली 9,85,000 ला. हप्ता 16,980. नारायणगावातून टोमॅटो भरायचा, माळशेज उतरून वाशीला टाकायचा, हाच धंदा, आणि चालवणारा मीच. गाडी घेतानाच सेल्सवाला गळ्यात पडला, "दादा, एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, नट जरी गेला तरी कंपनी देणार." 14,160 मोजले. पुस्तिका घरी येऊन ड्रॉवरमध्ये पडली. ती मी पाटा, म्हणजे मागच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी, तुटल्यावर उघडली. आत इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बस्स. तेही कंपनीची 3 वर्षांची मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होणार! नटाचं नाव कुठंच नाही.

अकराव्या महिन्यात, 27,400 किलोमीटरला, रात्री अडीच वाजता घाट उतरल्यावर टोकावड्याच्या अलीकडे मागून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी डावीकडे बसली. मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकात दुभंगला होता. माल 68 क्रेट, काट्याची पावती 1,490 किलोची, पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर असलेला माल, 1,700 चं. म्हणजे ओव्हरलोडचा प्रश्नच नव्हता. ती पावती माझ्याकडे आहे, हे एकच काम मी नीट केलं. तुम्हीही पावत्या फेकू नका. शाई उडते, म्हणून फोटो काढून ठेवा.

दुसरी पिकअप बोलावून माल पुढे पाठवला, 6,500. क्रेनचे 4,800. सकाळी सर्व्हिस सेंटरला पोचलो तेव्हा डोळे चुरचुरत होते आणि व्यापाऱ्याचे फोनवर फोन येत होते. अॅडव्हायझर पोरगा गोड बोलायला.

"सर, माल होता ना गाडीत?"

"होता की."

"फुल होता?"

"फुलच असतो."

तो टॅबवर इंग्रजीत काहीतरी टाइप करत राहिला आणि म्हणाला, "ओटीपी आलाय बघा, सांगा, म्हणजे गाडी लगेच आत घेतो." मी सांगितला, म्हणजे जॉबकार्डावर सहीच केली. तक्रारीच्या रकान्यात त्याने "ओव्हरलोड कंडिशनमध्ये पाटा तुटला" असं लिहून ठेवलं होतं, माझ्या तोंडचं वाक्य म्हणून. टॅब माझ्या बाजूला फिरवायला सांगितला असता तर? दोन मिनिटं लागली असती. मी बारावी पास आहे, इंग्रजी अक्षरं लावून वाचता येतात. पण रात्रभर जागलेल्या माणसाला वाचायचं सुचत नाही, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. भरलेली गाडी त्याला 'फुल' आणि ओव्हरलोड एकच वाटली, की वाटून घेतली, ते त्यालाच ठाऊक.

चौथ्या दिवशी निरोप आला, वॉरंटी नामंजूर.

खरं तर त्याच्याही आधी कळायला हवं होतं. तिसऱ्या फ्री सर्व्हिसला गाडी चाळीस मिनिटांत धुऊन हातात दिली होती. स्टेपनी बघायला खाली वाकलो, तर पाटे आवळून धरणाऱ्या यू-बोल्टच्या नटांवर आमच्या वावरातली लाल माती तशीच वाळलेली. पाना लागला असता तर माती पडली नसती का? बिलामागच्या चेकलिस्टवर मात्र "यू-बोल्ट टाइट" पुढे टिक. मनात आलं, जाऊ दे, फुकटची सर्व्हिस आहे.

टोकावड्याच्या पाटेवाल्या मिस्त्रीने टॉर्च मारून दाखवलं होतं. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, गंज धरलेला, उरलेला ताजा चकचकीत. म्हणजे चीर आधीपासून होती आणि रोज थोडी थोडी वाढत होती. एका रात्रीच्या वजनाने मोडला असता तर सगळं तोंड ताजं दिसलं असतं. यू-बोल्ट सैल राहिला की पाटे हलतात आणि सगळा ताण त्या भोकावर येतो, असं तो म्हणाला. मी मोबाईलवर एक फोटो काढला. एकच.

पाटा मात्र सर्व्हिस सेंटरच्या ताब्यात राहिला. मागायला गेलो तर "भंगारात गेला." जुना पार्ट तुमच्या समोर पोत्यात बांधून घ्या, वॉरंटीसाठी कंपनीला ठेवायचाय म्हणाले तर तसं लेखी घ्या. कोर्टात दोष सिद्ध करायला पार्टची लॅबमध्ये तपासणी लागू शकते, आणि फोटो काही लॅबमध्ये तपासता येत नाही.

बिल: पाट्यांचा सेट 16,240, यू-बोल्ट आणि बुश 1,850, मजुरी 2,400. वर 19 दिवस गाडी आवारात उभी राहिली म्हणून रोजचे 100 प्रमाणे 1,900! गाडी अडवली त्यांनी, भाडं भरलं मी.

मग सुरू झाली सरकारी वारी. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. आरटीओत सांगितलं, पासिंग, फिटनेस, टॅक्स एवढंच आमचं. तिथल्याच एकाने वजनमापवाल्यांकडे जा म्हणून पाठवलं, कारण माझ्या हातात काट्याची पावती होती. तिथले साहेब म्हणाले, काटा चुकीचा असेल तर तक्रार द्या. अहो, काटा बरोबर आहे, हेच तर मी सांगतोय! ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार टाकली, ती त्यांनी कंपनीला पाठवली, कंपनीने त्याच जॉबकार्डाची कॉपी जोडून उत्तर दिलं, आणि तक्रार "निकाली". कोणाच्या दृष्टीने निकाली? मला कुणी एक फोन केला नाही. फोन आला तो सर्व्हिस सेंटरच्या मुलीचा, सर्व्हिसला 10 पैकी 10 द्याल का म्हणून. तिची काय चूक, पण मी फार वाईट बोललो तिला.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 5 ते 10 लाखांच्या गाडीला फी फक्त 200 रुपये, आणि घटनेपासून 2 वर्षांची मुदत असते, हे मला कुठल्याच ऑफिसात कुणी सांगितलं नाही. समोरच्या वकिलाने पहिल्याच उत्तरात लिहिलंय, पिवळी पाटी आहे, धंद्याची गाडी आहे, हा ग्राहकच नाही. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे. ते दाखवायला लायसन्स, टोलच्या पावत्या, आडत्याच्या पट्ट्या सगळं जमा करतोय. गाडीवर ड्रायव्हर ठेवला असेल तर हे जड जाईल, आधी वकिलाला विचारा.

आमच्या वकिलांनी काल पुन्हा विचारलं, "पाटा खरंच नाही ना तुमच्याकडे?" नाही. पुढची तारीख दिवाळीनंतर. त्याआधी हप्त्याची 5 तारीख येईल.