सगळ्यात पॉवरफुल गोळी कोणती? स्किझोफ्रेनियाचं औषध निवडताना

रुग्णाला सांभाळणाऱ्या शुभंकरांच्या कुठल्याही बैठकीत जा, नव्याने आलेल्या आईवडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यातली सगळ्यात पॉवरफुल गोळी कोणती?’ माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं तेव्हा आमच्याही घरी तोच विचारला गेला.

संशोधनाने त्याचं उत्तर बऱ्यापैकी दिलेलं आहे. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ३२ औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. ४०२ चाचण्या, ५३ हजारांहून जास्त रुग्ण. भास आणि संशय कमी करण्यात बहुतेक औषधं एकमेकांच्या आसपासच निघाली. क्लोझापिन, ॲमिसल्प्राइड, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन ही इतर बऱ्याच औषधांच्या पुढे होती, पण क्लोझापिन बाजूला ठेवलं तर हे अंतर फार नाही. मोठा फरक दिसला तो दुष्परिणामांत. म्हणून पहिलं औषध ठरताना डॉक्टरांसमोर मांडायचा प्रश्न वेगळा आहे: कोणता त्रास झाला तर आपला माणूस गोळ्या टाकून देईल?

गोळ्या टाकून देणं ही काही मोजक्या हट्टी रुग्णांची गोष्ट नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘केटी’ चाचणीत १,४९३ रुग्ण होते. १८ महिन्यांत त्यांतल्या ७४ टक्के लोकांनी मिळालेलं औषध मध्येच थांबवलं किंवा बदललं. ओलान्झापिनवर सर्वाधिक लोक टिकले, तरी तिथेही ६४ टक्के गळाले. आणि वजनही त्याच गटात सगळ्यात जास्त वाढलं: ३० टक्के लोकांचं वजन मूळच्या ७ टक्के किंवा त्याहून अधिक चढलं.

ओलान्झापिन की ॲरिपिप्राझोल?

पहिल्या वेळी बहुतेकदा निवड या दोघांत, किंवा यातलं एक आणि रिस्पेरिडोन यांच्यात होते.

ओलान्झापिन झोप देतं, चिडचिड आणि आरडाओरडा लवकर शमवतं. आठवडेच्या आठवडे जागून काढलेल्या घराला ते देवासारखं वाटतं आणि त्यात काही चूक नाही. पण भूक काही आठवड्यांतच खवळते. रात्री दोनला उठून डबे उघडले जातात. नातेवाईक म्हणतात, ‘तब्येत सुधारली हो!’ आणि आपणही क्षणभर सुखावतो. ही तब्येत सुधारल्याची खूण नसते. मधुमेह आपल्याकडे कमी वजनाच्या माणसालाही गाठतो, त्यामुळे गोळी सुरू होण्याआधीच वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल मोजून वहीत लिहून ठेवा. भारतीय पुरुषासाठी घेराची धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर, स्त्रीसाठी ८०. तीन महिन्यांनी या तपासण्या पुन्हा करा, मग दरवर्षी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी सुरुवातीपासून जोडली तर वजनाची वाढ कमी होते याला आता चांगला पुरावा आहे. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

ॲरिपिप्राझोल वजन, साखर आणि हार्मोन या तिन्ही बाबतींत हलकं आहे. त्याचा त्रास वेगळा: आतून येणारी अस्वस्थता, जिला डॉक्टर अकॅथिशिया म्हणतात. माणूस खुर्चीवर टेकत नाही, पाय हलवत राहतो, खोलीत येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं आजार उसळला. मग डोस वाढतो, आणि डोसबरोबर अस्वस्थताही वाढते. हे मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण मी हे दोन-तीन घरांत होताना पाहिलं आहे. ‘तुला भीती वाटतेय की नुसतं बसवत नाहीये?’ एवढं शांतपणे विचारलं तरी बरंच कळतं. पैसे उधळणं, जुगार खेळणं अशी अनावर ओढ क्वचित लागते, तिच्यावरही नजर हवी.

माझं मत विचाराल तर: तरुण माणूस, घरात मधुमेह, झोप बऱ्यापैकी शाबूत, जिवाला धोका नाही, तर आधी ॲरिपिप्राझोलबद्दल बोला. रात्र-रात्र जागरण आणि मारहाणीपर्यंत मजल गेली असेल तर ओलान्झापिनला पर्याय कमी आहेत. मात्र तीन महिन्यांनी ते बदलता येईल का, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तात्पुरतं म्हणून सुरू झालेलं औषध दहा-दहा वर्षं तसंच चालू राहिलेलं मी पाहिलं आहे.

रिस्पेरिडोन आणि ॲमिसल्प्राइड

ही दोन्ही गुणकारी आहेत आणि ओलान्झापिनइतकं वजन वाढवत नाहीत. पण दोन्ही प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढवतात. मुलींची पाळी थांबते, छातीतून दूध येतं. पुरुषांची लैंगिक इच्छा आणि ताकद घटते. आपल्या घरांत यावर कुणी बोलत नाही. पंचविशीतला मुलगा आईसमोर डॉक्टरांना हे सांगणार नाही, तो मुकाट्याने गोळ्या बेसिनमध्ये टाकील. ओपीडीत पाच मिनिटं त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. डोस कमी करणं, औषध बदलणं, थोडं ॲरिपिप्राझोल जोडणं, असे मार्ग आहेत.

हॅलोपेरिडॉल

जुनं, स्वस्त, सगळीकडे मिळणारं. मेंदूत डोपामिन या रसायनाचा संदेश झेलणाऱ्या डी-२ ग्राहकांपैकी (रिसेप्टर) साधारण ६५ टक्के औषधाने व्यापले की गुण येऊ लागतो आणि ७८ टक्क्यांच्या वर गेलं की अंग आखडतं, हात थरथरतात, हे टोरोंटोतल्या अभ्यासात दिसलं. मधली पट्टी अरुंद आहे, म्हणून थोडक्या डोसात हे औषध चांगलं चालतं आणि मोठ्या डोसात माणसाचा लाकडी पुतळा होतो. वर्षानुवर्षं घेतल्यावर जीभ-ओठांच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा धोकाही जुन्या औषधांत जास्त.

ताठरपणा येऊ नये म्हणून आपल्याकडे जवळजवळ सरसकट ट्रायहेक्सीफेनिडिल लिहिलं जातं. त्रास नसताना केवळ खबरदारी म्हणून ते नेहमी देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. ते विसराळूपणा आणि बद्धकोष्ठ वाढवतं. चिठ्ठीत ही गोळी असेल तर ‘ही अजून लागते का?’ असं विचारा.

क्लोझापिन: ज्याला उशीर होतो

साधारण एक तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या औषधांनी पुरेसा गुण येत नाही. दोन वेगवेगळी औषधं, पुरेशा डोसात, प्रत्येकी निदान सहा आठवडे, गोळ्या नक्की पोटात गेल्याची खात्री करून, एवढं झालं आणि भासातले आवाज थांबले नाहीत, तर पुढचं औषध क्लोझापिन. १९८८ सालच्या अमेरिकी चाचणीत असेच रुग्ण घेतले होते. सहा आठवड्यांत क्लोझापिनवर ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधावर ४ टक्के. आत्महत्येचे प्रयत्न ओलान्झापिनपेक्षा क्लोझापिनवर कमी होतात, हे २००३ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. आणि फिनलंडमधल्या रुग्णांच्या नोंदींत मृत्यूचं प्रमाण क्लोझापिन घेणाऱ्यांत सर्वांत कमी आढळलं.

क्लोझापिनच्या भीतीचा उगमही फिनलंडमध्येच आहे. १९७५ साली तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळून आठ रुग्ण दगावले आणि औषध बऱ्याच देशांत मागे पडलं. हा धोका एक टक्क्याहून कमी लोकांना असतो, तोही मुख्यतः पहिल्या १८ आठवड्यांत. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासतात, मग अंतर वाढवतात. अमेरिकेने २०२५ मध्ये क्लोझापिनच्या रुग्णांची सक्तीची नोंदणी काढून टाकली, तपासणीचा सल्ला मात्र कायम आहे. दर आठवड्याची ही फेरी गावाकडच्या घराला जड जाते, हे खरं. तरी तालुक्याला रक्ताची साधी तपासणी होते, आणि तीन-चार निरुपयोगी गोळ्यांत गेलेली वर्षं परत येत नाहीत. पाच-सहा औषधं होऊनही कुणी क्लोझापिनचं नाव काढलं नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

वजन, झोपेत उशी भिजवणारी लाळ, मोठ्या डोसात आकडी, सुरुवातीच्या आठवड्यांत क्वचित हृदयाला सूज हे सगळं याच्यासोबत येऊ शकतं. बद्धकोष्ठाला मात्र कुणी गांभीर्याने घेत नाही, आणि तेच जिवावर बेतू शकतं. शौचाची नोंद ठेवायला लाजू नका. विडी-सिगारेटचा धूर क्लोझापिन आणि ओलान्झापिनची रक्तातली पातळी खाली आणतो. धूम्रपान अचानक सुटलं, रुग्णालयात भरती झाल्यामुळे का होईना, तर तोच डोस जास्त ठरतो. हे धुराचं काम आहे, निकोटिनचं नाही, त्यामुळे तंबाखू-मिश्रीला हा हिशोब लागू नाही.

गोळी की इंजेक्शन?

रोजची कटकट आणि भांडण वाचवायचं असेल तर लांब पल्ल्याचं इंजेक्शन चांगलं. फ्लुफेनाझिन दोन ते चार आठवड्यांनी, जुनं आणि स्वस्त. पॅलिपेरिडोन महिन्याने किंवा तीन महिन्यांनी, पण महाग. टोचलेलं औषध परत काढता येत नाही, म्हणून आधी त्याच जातीची गोळी सोसते का ते बघतात. आमटीत गोळी विरघळवून देण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही सरळ. आमटीतली गोळी एकदा कळली की आपला माणूस घरचं जेवणही संशयाने बघायला लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे बरं असताना लिहून ठेवण्याचा हक्क त्याला आहे.

नवं औषध

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ‘कोबेन्फी’ला मंजुरी मिळाली. झॅनोमेलिन आणि ट्रोस्पियम यांची ही जोडगोळी डोपामिन ग्राहकांना थेट अडवत नाही, मस्कारिनिक या वेगळ्या प्रकारच्या ग्राहकांवर काम करते. वजनवाढ आणि ताठरपणा नाही, मळमळ, उलटी, बद्धकोष्ठ आहे. मंजुरीमागच्या मुख्य चाचण्या पाच आठवड्यांच्या होत्या, आणि चालू औषधाला जोड म्हणून दिल्यावर २०२५ च्या चाचणीत फायदा स्पष्ट दिसला नाही. वाट लक्षपूर्वक बघावी, पण त्यासाठी आजचं औषध थांबवू नये.

गोळीपलीकडे, आणि गोळी कमी करताना

सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेली, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला जवळची वाटते. प्रशिक्षित गावकरी कार्यकर्ते घरी जाऊन मदत करत होते. केवळ दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणं आणि अपंगत्व थोडं जास्त कमी झालं. थोडंच, पण ते गोळीच्या वर मिळालेलं होतं.

आणि बंद करणं? २०१२ च्या ६५ चाचण्यांच्या एकत्रित हिशोबात वर्षभरात औषधावर २७ टक्के, औषधाविना ६४ टक्के लोकांचा आजार उलटला. ब्रिटनच्या २०२३ च्या ‘रडार’ चाचणीत डोस हळूहळू कमी केलेल्या गटाचं सामाजिक जीवन दोन वर्षांनी सुधारलं नाही, आजार मात्र जास्त उलटला. तरीही कमी करायचंच असेल तर महिनोन्‌महिने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि शेवटचे थोडे मिलिग्रॅम सर्वांत सावकाश. आमच्या घरी आजार परतण्याची पहिली खूण झोप उडणं ही आहे. तुमच्या घरची वेगळी असेल, ती डोस घटवण्याआधीच आपल्या माणसाबरोबर बसून लिहून ठेवा, त्याखाली डॉक्टरांचा नंबर, आणि ते न मिळाल्यास टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.