डीएएफ अॅप सहा-सात महिने वापरलं, स्वतःचाच आवाज कानात उशिरा ऐकून काय झालं ते

बोलताना अडकणाऱ्यांसाठी असलेल्या या अॅपचा आधी निकाल सांगून टाकते. मोठ्याने वाचताना मस्त, फोनवर बऱ्यापैकी, दुकानाच्या काउंटरवर जवळजवळ बिनकामाचं. एवढंच पाहिजे असेल तर इथे थांबलात तरी चालेल, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते.

मी मिरजेत एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. लहानपणापासून बोलताना अडकते, आणि माझं ते प-प-प असं कमी, ब्लॉक जास्त, म्हणजे ओठ मिटतात आणि पुढे आवाजच निघत नाही. आपण अडकणारे सगळेच अवघड शब्द आला की दुसरा शब्द टाकून वेळ मारून नेतो पण औषधाचं नाव कुठून बदलणार? गिऱ्हाइकाला 'ती उपाशीपोटीची गोळी' म्हटलं तर कळतं, स्टॉकिस्टला ऑर्डर देताना पॅन्टोप्राझोलच म्हणावं लागतं. वेखंड उगाळून जिभेला लावणं, शंख फुंकणं हे सगळं आत्याने शाळेत असतानाच करून घेतलंय, त्यामुळे ते कृपया कुणी सुचवू नका.

डीएएफ म्हणजे डिलेड ऑडिटरी फीडबॅक. तुम्ही बोलता, माइक आवाज घेतो आणि काही मिलिसेकंद उशिराने तोच आवाज इअरफोनमधून तुम्हाला ऐकवतो, बस. गणपतीत सगळ्यांबरोबर आरती म्हणताना आपल्यातले बहुतेकजण अडकत नाहीत हे तुम्हालाही माहीत असेल, बरोबरीने दुसरा आवाज असला की बोलणं सुटतं, आणि हे अॅप तो दुसरा आवाज खोटा खोटा तयार करतं असं याचं एक स्पष्टीकरण आहे. गंमत म्हणजे ही गोष्ट 1950 च्या सुमारास उलट्या बाजूने लक्षात आली होती, अमेरिकेत बर्नार्ड ली यांनी पाहिलं की चांगलं सरळ बोलणारा माणूस स्वतःचा आवाज असा उशिरा ऐकायला लागला की अडखळतो. घरी खात्री करून घेतली. आमच्या ह्यांना इअरफोन लावून डिले, म्हणजे उशीर, 200 मिलिसेकंदांवर ठेवला आणि पेपर वाचायला दिला, दोन ओळींत जीभ अशी गुंतली की त्यांनीच काढून टाकला आणि म्हणाले हे तुला कसं काय जमतं. त्या दिवशी जेवण गोड लागलं मला.

सेटिंगबद्दल. डिले 200-250 ठेवला तर आपोआप सावकाश, स्वर ओढून बोलावं लागतं, त्याशिवाय कानातल्या आवाजाशी मेळच बसत नाही. अडकणं कमी होतं पण बोलणं गुंगीच्या औषधातून उठल्यासारखं वाटतं. 1990 च्या दशकात कॅलिनोव्हस्की नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की नेहमीच्या वेगात बोललं तरीही याचा फायदा होतो, मुद्दाम हळू बोलायलाच पाहिजे असं नाही, तेव्हापासून 50 ते 75 च्या आसपास ठेवायची पद्धत आहे. मला साधारण 70 मानवतं, त्यात आवाजाची पट्टी वरखाली करायचा जो ऑप्शन असतो त्यात अर्धा सप्तक खाली. पट्टी वर केली की माझाच आवाज कार्टूनसारखा यायचा आणि हसू यायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे डाउनलोड करायच्या पानावर कुठे लिहिलेलं नव्हतं. हे अॅप आवाज परत ऐकवतं, पण ब्लॉकमध्ये आवाजच नसतो तर ते बिचारं काय ऐकवणार! म्हणजे ज्यांचं अडकणं शब्द रिपीट होण्याचं किंवा ताणण्याचं आहे त्यांना जास्त उपयोग होईल, माझ्यासारख्यांना पहिला आवाज स्वतःच काढावा लागतो. ते मला माझ्या स्पीच थेरपिस्टने शिकवलं, आधी थोडा श्वास सोडायचा, ओठ घट्ट न दाबता नुसते टेकवायचे आणि प हळूच सोडायचा. एकदा आवाज सुरू झाला की मग पुढचं वाक्य अॅपच्या आधाराने निघून जातं. नुसतं अॅप घेऊन बसले असते तर आठवड्यात डिलीट केलं असतं.

ब्लूटूथ इअरफोन अजिबात नको. ब्लूटूथचा स्वतःचाच डिले इतका असतो की तुम्ही 70 ठेवा नाहीतर 50, कानात पोचेपर्यंत त्याचे दोनशेच्या वर होतात आणि मग म्हणता अॅप बेकार. वायरवाला, माइक असलेला पाहिजे. जुन्या अँड्रॉइडमध्येही थोडा उशीर मुळातच असतो, तो धरून आकडा खाली आणावा लागतो.

फोनवर बोलताना अजून एक भानगड, कॉल चालू झाला की अॅपला माइक मिळत नाही. मग मी काय करते, कॉल दुकानाच्या फोनवर स्पीकरवर आणि अॅप माझ्या फोनवर, इअरफोन एकाच कानात. दिसायला कॉल सेंटर दिसतं पण संध्याकाळची ऑर्डर आता मी स्वतः देते, पूर्वी पोराला चिठ्ठी लिहून द्यायचे आणि तोच बोलायचा.

काउंटरवर मात्र नाही जमलं. माइक सगळंच ओढतो, पंखा, रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या गिऱ्हाइकाचा खोकला, आणि समोरचा बोलतो ते एकदा खरं आणि एकदा उशिरा असं दोनदा ऐकू येतं. एखाद्या आजोबांना डोस समजावून सांगताना हे चालू असेल तर डोकं उठतं. शिवाय इअरफोन घालून उभी राहिले तर मालकांना वाटतं गाणी ऐकतेय.

आणि परिणाम कमी होतो का? होतो. पहिल्या महिन्यातला तो भन्नाटपणा नंतर राहत नाही, कान त्या दुसऱ्या आवाजाकडे लक्ष द्यायचंच सोडून देतो. मी मधे काही दिवस बंद ठेवते, मग परत जरा धार येते. प्रत्येकाला वेगवेगळा अनुभव येतो हे खरं, याच तत्त्वावर कानात बसवायचं मशीनही मिळतं पण त्याची किंमत हजारो डॉलर आहे, आधी फुकटच्या अॅपवर महिनाभर बघून मगच त्याचा विचार करा.

बाकी नवीन काय चाललंय तेही विचारतात लोक. ऑक्सफर्डमध्ये 30 जणांवर एक प्रयोग झाला, 2018 मध्ये छापून आला, डोक्याच्या डाव्या बाजूला 1 मिलिअँपिअरचा हलका करंट, रोज 20 मिनिटं, पाच दिवस, आणि त्याच वेळी दुसऱ्या आवाजाच्या बरोबरीने वाचन आणि मेट्रोनोमच्या (टकटक करून ठेका देणारं यंत्र) ठेक्यावर बोलणं. निम्म्यांना खरा करंट, निम्म्यांना खोटा. खरा मिळालेल्यांचं अडकणं आठवड्याने कमी झालेलं दिसलं, सहा आठवड्यांनी मात्र हा फरक वाचताना टिकला होता, गप्पा मारताना नाही. आशा वाटावी असं आहे, पण 30 च्या 30 पुरुष (अडकणाऱ्या मोठ्या माणसांत एका बाईमागे तीन-चार पुरुष असतात म्हणून असेल, तरी पण), आणि हे घरी बॅटरी लावून करायचं काम नाही. गोळ्यांचं म्हणाल तर रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या मानसिक आजारांवरच्या औषधांच्या छोट्या चाचण्या झाल्यात, अमेरिकेतसुद्धा यासाठी मंजूर असं औषध एकही नाही. ओलान्झापिनवाल्यांचं वजन कसं वाढतं ते मी रोज काउंटरवरून बघते, मला नको.

खरं सांगू का, सगळ्यात जास्त फरक पडला तो मुद्दाम अडकण्याने. थेरपिस्टने सांगितलं की रोज एखाद्या अनोळखी माणसापुढे जाणूनबुजून प-प-पावती असं म्हणायचं. पहिल्यांदा वाटलं हिचं डोकं फिरलंय. पण आपणच अडकायचं ठरवलं की लपवायला काही उरत नाही आणि ओठांची ती घट्ट मिठी सैल होते. अॅपने माझं अडकणं कमी केलं, याने फोन टाळणं कमी केलं, आणि दुसऱ्याला मी जास्त मार्क देईन.

अॅपला पाचातले तीन. रोज पेपर मोठ्याने वाचायला आणि फोनच्या सरावाला ठेवणार आहे. तुम्ही घेत असाल तर पैसे भरायच्या आधी फ्री व्हर्जनमध्ये डिले 50 पर्यंत खाली येतो का तेवढं बघा, काहींमध्ये 100 च्या खाली जातच नाही.